लहानपणी सहज जमणारी उडी आता का चुकते? जुने गेम नव्याने येतात तेव्हा नेमकं काय बिघडतं, समजून घ्या

नव्वदच्या दशकात किंवा दोन हजारच्या सुरुवातीला लहान असाल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. मे महिन्याची सुट्टी, टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम, "९९९९ इन १" लिहिलेली कॅसेट आणि रिमोट कुणाच्या हातात यावरून भावंडांची मारामारी. कॅसेटवर आकडा ९९९९, आत गेम मोजून सात-आठ. पण मारिओचा खड्डा ओलांडायची उडी मात्र डोळे मिटूनही जमायची.

आता तोच लहान मुलगा नोकरीला लागलाय. महिनाअखेरीला सेल लागतो, लहानपणीचा गेम "नव्या रूपात" आलेला दिसतो, तो हजार-दोन हजार रुपये मोजून घेतो. रात्री जेवण करून खेळायला बसतो. पहिली उडी खड्ड्यात. दुसरी खड्ड्यात. पाचव्यांदा मेल्यावर मनात एकच विचार येतो, "वय झालं राव आपलं."

थांबा. वय नंतर बघू. कारण बऱ्याचदा चूक तुमच्या बोटांची नसते, गेमची असते. कधी कंट्रोलरची असते, तर कधी टीव्हीचीसुद्धा. आणि काही वेळा गेम बनवणाऱ्यांनीच कबूल केलंय, की हो, आमच्याकडून गडबड झाली.

जुने गेम नव्याने येताना नेमके का बिघडतात, सोनिकपासून मारिओपर्यंत काय काय घडलं आणि पैसे घालवण्याआधी आपण काय तपासायचं, हे सगळं एकेक करून बघू.

सगळा खेळ १७ मिलिसेकंदांचा आहे

मारिओ, सोनिक, क्रॅश बँडिकूट या गेमना "प्लॅटफॉर्मर" म्हणतात. म्हणजे काय, तर एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उडी मारत पुढे जायचं. गोष्ट फार नसते, संवाद नसतात. जे काही आहे ते उडीत आहे.

म्हणूनच या गेममध्ये बटण दाबणं आणि पात्राने उडी मारणं यातलं अंतर फार महत्त्वाचं असतं. असे बरेचसे जुने गेम सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे ६० फ्रेम दाखवायचे. एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. डोळ्याची पापणी मिटायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो.

जुन्या गेममध्ये सगळं या फ्रेमच्या मापाने मोजलेलं असायचं. एका फ्रेममध्ये पात्र किती पुढे जाणार, उडीचा वेग कसा कमी होणार, बटण लवकर सोडलं तर उडी किती छोटी होणार, सगळंच. सोनिकच्या कोडमध्ये तर एका पिक्सेलचे २५६ भाग पाडून वेग मोजलेला आहे. इतकी बारीक मोजणी असेल, तर नव्या मशीनवर आणताना जराशी गडबड झाली तरी ती हाताला जाणवते. नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण "काहीतरी वेगळं वाटतंय" हे मात्र लगेच कळतं.

जुना गेम नव्याने आणायचे तीन मार्ग

आता तुम्ही म्हणाल, जुनाच गेम आहे तर कॉपी करून नव्या मशीनवर टाकायचा, त्यात काय एवढं? पण तसं होत नाही. जुना गेम जुन्या मशीनच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. नव्या मशीनला ती भाषाच कळत नाही. मग कंपन्यांसमोर तीन मार्ग असतात.

पहिला, एम्युलेशन. नव्या मशीनमध्ये जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्यावर मूळ गेम जसाच्या तसा चालवायचा. दुभाषा मध्ये बसवल्यासारखं. गेम तोच राहतो, पण दुभाषा हळू असेल तर बटणाचा निरोप उशिरा पोचतो.

दुसरा, पोर्ट. गेमचा कोड नव्या मशीनसाठी पुन्हा लिहायचा. चित्रं, आवाज, लेव्हल जुन्याच. नीट केलं तर हे सगळ्यात भारी चालतं, आणि घाईत केलं तर नवे बग जन्माला येतात.

तिसरा, रीमेक. लेव्हल आणि कल्पना जुनी, बाकी सगळं कोरं. ग्राफिक्स झकास दिसतात, पण उडीसुद्धा नव्याने बनवावी लागते. आणि तिथेच गडबड व्हायची शक्यता जास्त.

तिन्ही प्रकार वेगवेगळ्या पद्धतीने बिघडतात. आधी पोर्टची दोन उदाहरणं बघू. दोन्ही सोनिकची आहेत आणि दोन्हींमध्ये एक माणूस कॉमन आहे.

२००६ : वाढदिवसाची भेट अंगाशी आली

सेगाचा पहिला सोनिक १९९१ साली मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर आला. निळा साळू, सुसाट वेग, हीच त्याची ओळख. २००६ मध्ये सोनिकला १५ वर्षं झाली, म्हणून सेगाने तोच गेम निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या मशीनवर आणला.

आणि सगळ्यात वेगवान पात्र रांगायला लागलं. गेम मध्येच मंदावायचा, उडी आणि वेगाचं गणित मूळ गेमसारखं राहिलं नव्हतं, संगीतही बिघडलं होतं. त्यात गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा स्क्रीन २४० बाय १६० पिक्सेलचा, तर मूळ गेम ३२० बाय २२४ चा. म्हणजे पळताना समोरचं कमी दिसणार आणि काटे अंगावर आल्यावरच कळणार.

मशीनच कमजोर होतं म्हणून असं झालं, असं कुणालाही वाटेल. पण कागदावर तसं दिसत नाही. मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रोसेसर साधारण ७.६७ मेगाहर्ट्झचा होता, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा १६.७८. नुसत्या आकड्यावरून सगळं ठरत नाही हे खरं, पण मशीन अगदीच बिचारं नव्हतं.

आणि हे सिद्ध केलं एका चाहत्याने. सायमन थॉम्ली हा सोनिकच्या चाहत्यांमध्ये "स्टेल्थ" या नावाने ओळखला जाणारा प्रोग्रॅमर. त्याने त्याच गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी पहिल्या सोनिकचा स्वतःचा डेमो तयार केला, आणि तो व्यवस्थित वेगात पळाला. म्हणजे अडचण मशीनची नव्हती, कामाची होती.

हे नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

२०२२ : सोनिक ओरिजिन्स आणि बनवणाऱ्यांचीच नाराजी

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. ख्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियातल्या चाहत्याने स्वतःचं "रेट्रो इंजिन" बनवलं आणि त्यावर जुना सोनिक किती छान चालतो हे दाखवलं. सेगाने त्यालाच कामाला घेतलं. २०११ मध्ये सोनिक सीडी आणि २०१३ मध्ये पहिले दोन सोनिक मोबाइलवर त्याच्या पद्धतीने आले. व्हाइटहेड आणि थॉम्ली या दोघांचाही हात असलेला सोनिक मेनिया २०१७ मध्ये आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. चाहत्यांच्या हातात काम दिलं की गेम चांगला होतो, असा विश्वास बसला.

म्हणून २३ जून २०२२ रोजी सोनिक ओरिजिन्स आला, तेव्हा अपेक्षा खूप होत्या. सोनिक १, सोनिक २, सोनिक सीडी आणि सोनिक ३ अँड नकल्स असे चार गेम एकत्र, मोठ्या स्क्रीनवर, नव्या अ‍ॅनिमेशनसह. यातल्या सोनिक ३ चं काम थॉम्लीच्या हेडकॅनन या स्टुडिओने केलं होतं.

गेम आला आणि तासाभरात सोशल मीडियावर क्लिप फिरायला लागल्या. सोनिकचा जोडीदार टेल्स मूळ गेममध्ये मागे राहिला, तर उडत परत येतो. इथे तो कधी कधी स्क्रीनच्या बाहेरच कुठेतरी अडकायचा आणि त्याच्या उडीचा टुंग टुंग आवाज मात्र वाजत राहायचा. खेळणारा वैतागणार नाही तर काय.

मग थॉम्ली स्वतः ट्विटरवर बोलला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा. आम्ही दिलेल्या कामात काहीच चुका नव्हत्या असं नाही, पण जे लोकांच्या हातात पडलंय ते आम्ही दिलं तसंही नाही. सगळे गेम एकत्र बसवताना विचित्र बग शिरले आणि ते आमचेच आहेत असं लोकांना वाटतंय. वेळ वाढवून द्या असं आम्ही आधीपासून, वारंवार सांगत होतो, पण ते शक्य नाही असं उत्तर मिळालं. शेवटी मोठ्या दुरुस्त्या करू द्या म्हटलं, तर गेम मंजुरीसाठी जमा करण्याच्या नियमांमुळे तेही झालं नाही. आणि टीममधला प्रत्येक जण या गेमच्या अवस्थेवर नाराज आहे.

स्वतः बनवलेल्या गेमबद्दल, गेम बाजारात येऊन जेमतेम काही दिवस झालेले असताना, असं उघडपणे बोलणं या क्षेत्रात फार क्वचित घडतं.

तारीख मागे-पुढे का करता आली नसेल? सेगाने कारण सांगितलं नाही. पण एक गोष्ट उघड आहे. २३ जून हा सोनिकचा वाढदिवस. १९९१ साली याच तारखेला पहिला गेम अमेरिकेत आला असं मानलं जातं.

सेगाने नंतर अपडेट देऊन बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्या. पण चाहत्यांचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. ओरिजिन्स यायच्या महिनाभर आधी, २० मे २०२२ रोजी, सेगाने या गेमच्या जुन्या आवृत्त्या बहुतेक डिजिटल दुकानांतून काढून टाकल्या. निन्टेंडो स्विचवरच्या काही आवृत्त्या तेवढ्या राहिल्या. म्हणजे नवीन बिघडलेला, आणि जुना चांगला चालणारा विकत मिळत नाही. गावातलं जुनं हॉटेल पाडून तिथे फूड कोर्ट काढावं आणि नेमकी मिसळच बेचव निघावी, तसं झालं.

क्रॅश बँडिकूट : दिसायला देखणा, पण पाय घसरतो

आता रीमेकचं उदाहरण. क्रॅश बँडिकूट मूळ १९९६ चा, नॉटी डॉग या स्टुडिओचा. ३० जून २०१७ रोजी त्याचे पहिले तीन भाग "एन. सेन ट्रिलॉजी" नावाने प्लेस्टेशन ४ वर आले. ते व्हिकॅरियस व्हिजन्स या स्टुडिओने नव्याने बनवले होते आणि अ‍ॅक्टिव्हिजनने बाजारात आणले होते.

गेम दिसायला एक नंबर. पण पहिला भाग खेळणारे बोंब मारायला लागले, की हा मूळ गेमपेक्षा अवघड आहे. दोरीच्या पुलांवरच्या "रोड टू नोव्हेअर" आणि "द हाय रोड" या लेव्हलवर तर लोक रडकुंडीला आले.

सुरुवातीला उत्तर ठरलेलं होतं, "तुम्ही लहान होतात, तुम्हाला आठवत नाही." पण काही खेळाडूंनी जुना आणि नवा गेम शेजारी शेजारी ठेवून फ्रेम मोजल्या. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे क्रॅश उडीनंतर खाली जरा लवकर येतो. दुसरी जास्त गमतीची आहे.

गेममध्ये आपल्याला पात्र दिसतं, पण कॉम्प्युटर त्याच्याभोवती एक अदृश्य आकार धरतो. तो आकार फळीला टेकला की पात्र उभं आहे असं समजायचं. नव्या गेममध्ये हा आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा आहे, म्हणजे खालून गोल. आता गोल बुडाची बाटली टेबलाच्या कडेवर ठेवून बघा. घसरते ना? तसाच क्रॅश फळीच्या कडेवर उतरला की घसरून खाली जातो. आपल्याला मात्र त्याचा बूट फळीवर टेकलेला स्पष्ट दिसत असतो.

अखेर अ‍ॅक्टिव्हिजननेच खुलासा केला. तीनही भागांसाठी उडी-चालण्याचा पाया म्हणून तिसऱ्या भागाची पद्धत घेतली होती. टक्कर मोजण्याची यंत्रणाही मूळ गेमपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे काही उड्या मूळ गेमपेक्षा जास्त नेमक्या माराव्या लागतात, हे त्यांनी मान्य केलं.

म्हणजे कुणाचं वय झालं नव्हतं. उडीच बदलली होती.

इथे एक कामाची टिप. १९९६ मध्ये प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला अ‍ॅनालॉग स्टिक नव्हत्याच. मूळ क्रॅश अधिक चिन्हाच्या आकाराच्या दिशांच्या बटणांवर, म्हणजे डी-पॅडवर खेळण्यासाठी बनवलेला होता. त्यामुळे अरुंद पुलावर सरळ चालायचं असेल, तर स्टिक सोडा आणि डी-पॅड वापरा. निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

मारिओ : बटणंच बदलली तर काय करायचं?

राहिला तिसरा मार्ग, एम्युलेशन. १८ सप्टेंबर २०२० रोजी निन्टेंडोने "सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स" आणला. त्यात १९९६ चा सुपर मारिओ ६४, २००२ चा सुपर मारिओ सनशाइन आणि २००७ चा सुपर मारिओ गॅलेक्सी होते. मूळ गेम तेच, त्यामुळे उडी बरीचशी जशीच्या तशी. पण अडचण हातातल्या कंट्रोलरची झाली.

सनशाइनमध्ये मारिओच्या पाठीवर पाण्याचा पंप असतो. मूळ गेमक्यूब कंट्रोलरचा ट्रिगर किती दाबलाय हे मशीनला कळायचं. अर्धा दाबला तर चालता चालता पाणी मारता यायचं, पूर्ण दाबला तर जागेवर थांबून नेम धरता यायचा. स्कूटरच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखं. स्विचच्या कंट्रोलरचा ट्रिगर मात्र दिव्याच्या बटणासारखा. चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही. त्यामुळे एका ट्रिगरचं काम दोन बटणांत वाटावं लागलं, आणि जुन्या खेळाडूंची बोटं गोंधळली.

त्यात कॅमेऱ्याची दिशा उलटी करायची सोय सुरुवातीला नव्हती. स्टिक डावीकडे ढकलली की कॅमेरा कुठे फिरावा याची प्रत्येकाला वेगळी सवय असते. ती मोडली की साधी उडीही चुकते. शेवटी नोव्हेंबर २०२० मधल्या अपडेटमध्ये कॅमेरा उलटा करण्याचा पर्याय आला आणि सनशाइनसाठी टीव्हीवर खेळताना गेमक्यूबचा कंट्रोलर जोडायची सोयही आली.

आणि कधी कधी बग गेला म्हणूनही लोक चिडतात

आता उलटा किस्सा ऐका. मूळ मारिओ ६४ मध्ये एक प्रसिद्ध बग होता. पायऱ्यांवर पाठमोरं राहून लांब उडीचं बटण पटापट दाबलं, की मारिओचा मागे जाण्याचा वेग वाढतच जायचा, कारण त्या दिशेच्या वेगाला कोडमध्ये मर्यादाच घातली नव्हती. शेवटी तो बंद दरवाजांतूनही आरपार जायचा. गेम कमीत कमी वेळात संपवण्याची स्पर्धा करणाऱ्या स्पीडरनरसाठी हा बग म्हणजे सोन्याची खाण.

निन्टेंडोने १९९७ मध्ये जपानसाठी "शिंडो" नावाची सुधारित आवृत्ती काढली आणि त्यात हा बग काढून टाकला. २०२० च्या ऑल-स्टार्समध्ये हीच शिंडो आवृत्ती वापरली गेली. तांत्रिकदृष्ट्या गेम जास्त चांगला, पण स्पीडरनर नाराज, कारण त्यांचं वर्षानुवर्षांचं कसब तिथे चालत नव्हतं.

त्यामुळे "बग काढा" म्हणणंही सोपं नाही. कुठला बग म्हणजे बिघाड आणि कुठला बग म्हणजे गेमचाच भाग, हे ठरवायला गेम मनापासून खेळलेला माणूस लागतो.

५० आणि ६० ची भानगड

अजून एक छुपं कारण आहे आणि त्याचा आपल्याशीही संबंध आहे. जुन्या काळात अमेरिका आणि जपानमधले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे. युरोपात आणि भारतात पॅल पद्धत होती, म्हणजे ५० वेळा. फ्रेमवर मोजलेला गेम ६० ऐवजी ५० वर चालवला की तो सुमारे १७ टक्क्यांनी मंदावतो. पहिला सोनिक युरोपात असाच हळू चालायचा, त्याचं संगीतसुद्धा.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर ३ डिसेंबर २०१८ रोजी सोनीने प्लेस्टेशन क्लासिक हे छोटं कन्सोल काढलं. त्यात २० गेम होते आणि त्यातले ९ पॅल आवृत्तीचे, म्हणजे ५० वाले निघाले. टेकेन ३ आणि जम्पिंग फ्लॅश त्यातलेच. नवा टीव्ही ६० वर चालतो, गेम ५० वर. मग हालचाल अडखळत दिसते आणि बटण जड वाटतं.

मग आपल्या घरी काय तपासायचं?

सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारण्याआधी घरातल्या गोष्टीही बघायला हव्यात. खाली दिलेल्या क्रमाने तपासा. बऱ्याच जणांचा प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांतच सुटतो.

१. टीव्हीचा गेम मोड चालू करा. नवे टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. जुन्या डबा टीव्हीमध्ये हा प्रकार नव्हता, सिग्नल आला की चित्र दिसायचं. सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावला की ही प्रक्रिया कमी होते आणि फरक लगेच जाणवतो.

२. वायर लावून बघा. ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर एकदा केबलने जोडून तीच उडी मारा. उडी नीट बसली तर दोष वायरलेसचा. केबल लावूनही तसंच होत असेल तर पुढे जा.

३. पात्र आपोआप चालतंय का? हात न लावता पात्र एका बाजूला सरकत असेल, तर तो स्टिक ड्रिफ्ट. बऱ्याच कंट्रोलरमध्ये स्टिकची दिशा ओळखणारा भाग घासून झिजतो, आणि मशीनला वाटतं तुम्ही स्टिक ढकलताय. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये हा त्रास इतका गाजला, की २०१९ मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला आणि २०२० मध्ये निन्टेंडोच्या अध्यक्षांनी ग्राहकांची माफी मागितली. आता हॉल इफेक्ट स्टिकवाले कंट्रोलर मिळतात. त्यात चुंबक वापरतात, घासणारा भाग नसतो, म्हणून ते जास्त टिकतात.

४. डेड झोन तपासा. स्टिक किती ढकलली की हालचाल मोजायची, त्या आधीच्या मोकळ्या जागेला डेड झोन म्हणतात. तो फार कमी असेल तर ड्रिफ्ट जाणवतो, फार जास्त असेल तर पात्र उशिरा हलतं. सेटिंगमध्ये थोडा थोडा बदलून बघा.

५. पीसीवर बटणं उलटसुलट होतायत का? विंडोजवर कंट्रोलर ओळखायच्या दोन पद्धती आहेत, जुनी डायरेक्ट इनपुट आणि नवी एक्सइनपुट. स्वस्त यूएसबी कंट्रोलर बऱ्याचदा जुनी पद्धत वापरतो आणि गेमला फक्त नवी कळते. कंट्रोलरवर मोड बदलायचं बटण असेल तर ते वापरा, किंवा स्टीमच्या सेटिंगमधून स्टीम इनपुट चालू करा. एकदा दाबलेलं बटण दोनदा लागत असेल, तर याच्या उलट करा, म्हणजे स्टीम इनपुट बंद करून बघा. आणि हो, निन्टेंडोच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे असतो आणि एक्सबॉक्सच्या खाली. उडी मारायला गेलात आणि भलतंच झालं, तर आधी हे बघा.

पाचही गोष्टी तपासून उडी चुकतेच आहे आणि दुसरा एखादा गेम मात्र नीट चालतोय? मग दोष त्या गेमचा आहे. नवा कंट्रोलर घ्यायला धावू नका.

पैसे देण्याआधी

जुना गेम नव्याने आलाय म्हणून पहिल्याच दिवशी घ्यायची घाई करू नका. ट्रेलरमध्ये ग्राफिक्स दिसतात, उडी कशी वाटते ते दिसत नाही. एक-दोन आठवडे थांबा आणि खेळणाऱ्यांच्या क्लिप बघा. हा एम्युलेशन आहे, पोर्ट आहे की रीमेक, ते शोधा, आणि काम कुठल्या स्टुडिओने केलंय तेही. जपानच्या एम२ कंपनीने २०१८ मध्ये स्विचसाठी पहिला सोनिक "सेगा एजेस" मालिकेत आणला होता. तो एम्युलेशनच होता, पण निगुतीने केलेला, आणि त्याचं कौतुकही झालं. मार्ग कुठलाही असो, वेळ आणि काळजी दिली की जमतं.

स्टीमवर घेतला असेल, तर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असताना रिफंड मागता येतो. म्हणून पहिल्या तासातच कंट्रोलर, स्क्रीन, उडी सगळं तपासून घ्या. आणि तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल, तर नवी आली म्हणून ती डिलीट करू नका. ती परत मिळेलच असं नाही.

हे सगळं एवढं महत्त्वाचं का?

कुणी म्हणेल, गेमच तर आहे. पण असा विचार करा. एखाद्या जुन्या सिनेमाची नवी प्रिंट निघाली, तिच्यात आवाज पुढे-मागे झालाय, आणि जुनी प्रिंट बाजारातून काढून घेतलीय. पुढच्या पिढीला वाटणार, हा सिनेमा असाच होता. जुन्या गेमचं नेमकं हेच होतंय.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यानुसार, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे बाजारात मिळतच नाहीत. उरलेल्या १३ टक्क्यांत जे गेम नव्याने येतात, ते तरी नीट यावेत एवढीच अपेक्षा आहे. कारण आज दहा वर्षांच्या मुलासाठी सोनिक ओरिजिन्स हाच पहिला सोनिक आहे. टेल्स स्क्रीनबाहेर अडकलेला त्याला दिसला, तर त्याला वाटणार गेमच भंगार होता, आणि आपले बाबा उगाच कौतुक करतात.

त्यामुळे पुढच्या वेळी लहानपणीची उडी चुकली, तर आधी टीव्हीचा गेम मोड लावा, मग कंट्रोलरला वायर लावा, आणि तरीही खड्ड्यातच पडलात तर खुशाल गेमला शिव्या घाला. आणि सगळं ठीक असूनही उडी चुकत असेल, तर मग भावंडाला फोन लावा. लहानपणी अवघड लेव्हल आली की रिमोट त्याच्याच हातात द्यायचात ना?